सुनीसाठी आठ किलो

दौंडला गाडीत बसलो तेव्हा माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलो होतं आणि सामानाचं वीस. त्या विसातले बारा किलो नुसतं खायचं होतं. शेंगदाण्याच्या पोळ्या, धपाटी, लसणाची चटणी, बेसनाचे लाडू आणि वाटेत भूक लागली तर म्हणून वेगळा चिवडा. हे सगळं माझ्या बहिणीसाठी, सुनंदासाठी, बायकोनं बांधून दिलेलं. सुनीला यातलं काहीही चालणार नाही हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. पण बहिणीकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, असं बायकोचं म्हणणं पडलं, आणि पोचेपर्यंत हात रिकामे करायचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. रेणिगुंटा येईस्तोवर पिशव्या बऱ्याच हलक्या झाल्या. एकूण वजन तेवढंच राहिलं, फक्त पिशवीतून माझ्यात आलं.

मी फलटणचा, सरकारी भूकरमापक. लोकांच्या जमिनी मोजून देणं हे माझं काम. गोष्ट २००८ सालची, तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. सुनी माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, रेल्वेत नोकरीला, आणि लग्नापासून दोघं चेन्नईच्या दक्षिणेला तांबरममध्ये राहत होते. मूलबाळ नाही. दोन वर्षांपासून सुनीचं लिव्हर बिघडत चाललं होतं. आता डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की जवळच्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तरच ती वाचेल. दाजींचा रक्तगट जुळेना, माझा जुळला. देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत पुन्हा वाढतं हे कळल्यावर तर मला हे काम फारच पसंत पडलं. कापून दिलेली जमीन पुन्हा वाढल्याचं मी सबंध नोकरीत एकदाही पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीचा महिना, तरी सेंट्रल स्टेशनवर उतरल्या उतरल्या सदरा पाठीला चिकटला. दाजी घ्यायला आले होते. समोरच्या पार्क स्टेशनवरून तांबरमची लोकल धरली. तासाभराच्या त्या प्रवासात चार फेरीवाले येऊन गेले, चौघांकडेही खायचंच होतं, आणि चौघांचंही मी चाखून पाहिलं. नव्या मुलखात आल्यावर आधी तिथलं अन्न पोटात गेलं पाहिजे, असं माझं मत होतं. दाजी खिडकीबाहेर बघत राहिले.

ते दोघं एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. खाली घरमालकीण सरोजाबाई. वय सत्तरीचं, तंजावरच्या मराठी घराण्यातली बाई, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. फाटकातच उभी होती.

"आलास कां रे? ये, ये. तुझी भैण केव्हापासून वाट बघतें. कापी घेतोस?"

मी बघतच राहिलो. कचेरीतल्या जुन्या सनदा वाचताना जी मराठी भेटते, ती इथे लुगडं नेसून, तमिळ हेल काढून मला कॉफी विचारत होती. मी दोन कप घेतली. मग वर गेलो तर दारात सुनी. इतकी वाळली होती की मला आधी हाक मारताच येईना. डोळे पिवळे, पाय सुजलेले. "दादा, किती जाड झालायस रे," ती म्हणाली, आणि हसली. मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचं नाही असं गाडीतच ठरवून आलो होतो.

तपासण्या दोन दिवस चालल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या पोटाचा फोटो पडद्यावर लावला. "हे काळपट दिसतंय ना, ही चरबी आहे. तुम्हाला फॅटी लिव्हर आहे. दारू किती घेता?"

"थेंब नाही," मी म्हणालो.

"मग जेवण?"

आता हे सांगणं अवघड होतं. मोजणीला गेलं की शेतकरी जेवू घालतात. बांधाचा वाद असला तर दोन्ही बाजू जेवू घालतात, आणि एकीकडे जेवून दुसरीकडे नको म्हटलं तर पक्षपात होतो. मी बावीस वर्षं निःपक्षपातीपणे जेवत आलो होतो. एवढं सगळं इंग्रजीत सांगता येईना, म्हणून "थोडं जास्त" एवढंच म्हणालो.

"असं लिव्हर मी कापू शकत नाही. तुम्हाला धोका, आणि तिच्या पोटात ते नीट चालणारही नाही," डॉक्टर म्हणाले. "सहा आठवडे देतो. आठ किलो उतरवा. मग पुन्हा बघू. तिला त्याहून जास्त थांबता येणार नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. परत येताना रिक्षात सुनी मात्र मोकळा श्वास सोडून म्हणाली, "जाऊ दे दादा, आपण प्रयत्न तर केला." सहा आठवडे सुरूही झाले नव्हते आणि ही ते संपवून मोकळी. मला ते विचित्र वाटलं, पण आजारी माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

रुग्णालयात दर मंगळवारी फॅटी लिव्हरवाल्यांचा वर्ग भरायचा. वसंता मॅडम नावाच्या आहारतज्ज्ञ बाई तो घ्यायच्या. लहानशी खोली, टेबलावर प्लॅस्टिकच्या इडल्या, प्लॅस्टिकचा भात, प्लॅस्टिकचं केळं, आणि आम्ही दहा-बारा गोलमटोल माणसं त्या प्लॅस्टिककडे प्रेमानं बघत बसलेले. प्रत्येकानं आठवड्याभरात जे जे खाल्लं ते वहीत लिहून आणायचं. त्या वह्यांइतकं कल्पक लेखन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. एक बँकेतले अधिकारी दिवसाला आठ कॉफ्या प्यायचे, दोन-दोन चमचे साखरेच्या, पण पातळ पदार्थ खाण्यात धरत नाहीत म्हणून त्यांनी लिहिल्याच नव्हत्या. एक बाई स्वतःच्या ताटात मोजकंच घ्यायच्या आणि मग सगळ्या घराच्या ताटांतलं उरलेलं संपवायच्या. ते काही त्यांचं जेवण नव्हे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या शेजारी एन्नोरचा मुरुगेशन बसायचा, बंदरावर क्रेन चालवणारा. दोन वर्षं मुंबईच्या गोदीत काढल्यामुळे त्याला हिंदी येत होतं.

"मैं दारू को हात नहीं लगाता भाई," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "फिर भी सब मेरे को पूछता है, कितना पीता है. मैं सिर्फ परोटा खाता है. रोज बारा."

मला तो एकदम आपला माणूस वाटला.

मॅडमनी मला तक्ता दिला. दोन भाकऱ्या, वाटीभर भाजी, पातळ वरण, ताक, तेल दिवसाला तीन चमचे, साखर बंद. तक्ता बघून मला बाईंची कीव आली. वजन उतरवायचं तर खायचं कशाला सांगता? आमच्या घराण्यात उपासाची परंपरा आहे. मी मनाशी ठरवलं, तक्त्याच्या वरताण करायची. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि त्या आठवड्यात एकादशीही आयती आली होती. सातांतले चार दिवस उपास! आठ किलो काय, दहा उतरतील.

उपासाचं सामान आणायला मी एकटाच जॉर्ज टाऊनला गेलो. बंदराजवळचा तो घाऊक बाजार म्हणजे अरुंद गल्ल्या, हातगाड्या, मिरचीचा ठसका, आणि एका गल्लीत नुसते कागद तर पुढच्या गल्लीत नुसते कांदे. मी चालत्या माणसांच्या पायांवर पाय देत दाण्यांच्या गल्लीत पोचलो. दुकानदार राजस्थानी, पण तीन पिढ्या इथल्या. त्यानं जव्वरिसी (साबुदाणा) पांढराशुभ्र काढून दाखवला.

"सेलमचा माल. एवढा कशाला पाहिजे? लग्न आहे?" त्यानं हिंदीत विचारलं.

"उपास आहे," मी म्हणालो.

तो हात जोडून उभा राहिला. मी पाच किलो साबुदाणा, तीन किलो शेंगदाणे घेऊन, उन्हातान्हात घामाघूम होऊन तांबरमला परतलो आणि कामाला लागलो.

त्या आठवड्यात मी भक्तीची कमाल केली. सकाळी मोठी वाटी भरून खिचडी, तुपातली, दाण्याचं कूट घालून. दुपारी बटाट्याचा कीस. साधं जेवण टाळल्याचं पुण्य तोंडावर दिसत होतं. सरोजाबाईंना माझ्या उपासाचा पत्ता लागला तेव्हा त्या फार प्रसन्न झाल्या.

"उपास कीं आज? मग भात नकोस खाऊं. मी पलहारम (फराळ) करतें."

त्यांच्याकडे उपासाला फक्त भात वर्ज्य. भात सोडून बाकी सगळं चालतं. संध्याकाळी खालून इडल्या आल्या, उप्पुमा आला, शनिवारी अडै (डाळींचे जाड डोसे) आले, वर लोण्याचा गोळा. मी विचार केला, सकाळी आपल्या पद्धतीचा उपास केला, संध्याकाळी यांच्या पद्धतीचा केला, तर बिघडलं कुठं? देव एकच आहे.

पुढच्या मंगळवारी काट्यावर उभा राहिलो. एकोणनव्वद.

वसंता मॅडमनी काटा हलवून पाहिला. मला खाली उतरवून पुन्हा चढवलं. मग वही उघडली.

"सोमवारी काय खाल्लं?"

"काही नाही. उपास."

"म्हणजे पाणी?"

"पाणी, आणि साबुदाणा."

"त्यात?"

"कूट. बटाटा. तूप."

त्या लिहीत होत्या. "आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी तमिळ उपास."

त्यांनी पेन खाली ठेवलं. फाइल तोंडासमोर धरली. फाइल थरथरायला लागली. मुरुगेशनला कुणीतरी तमिळमध्ये सांगितलं, आणि मग बारा जाडे लोक इतके हसले की शेजारच्या खोलीतून परिचारिका बघायला आली. मीही हसलो. न हसून करतो काय?

हसणं थांबल्यावर मॅडमनी डोळे पुसले आणि विचारलं, "बहिणीचं वय किती?"

"एकेचाळीस."

"पाच आठवडे उरले," त्या म्हणाल्या.

मला स्वतःची अशी लाज वाटली की त्या दिवशी मी रुग्णालयापासून सैदापेटपर्यंत चालतच गेलो आणि तिथून गाडी धरली.

मग मात्र मी तक्त्याला शरण गेलो. साबुदाणा सरोजाबाईंच्या पापडात गेला. पहाटे उठून रेल्वे मैदानाला फेऱ्या मारायच्या. माझं पाऊल अडीच फुटांचं, त्यामुळे मैदान मी पहिल्याच दिवशी मोजून टाकलं आणि फेऱ्यांचा हिशोब चुकायची सोय ठेवली नाही. मैदानाबाहेर एक बाई हातगाडीवर कंबंकूळ (बाजरीची आंबील) विकायची, ताक घालून, सोबत कच्चा कांदा. पहिला घोट घेतला आणि जवळजवळ ओरडलोच. हजार किलोमीटरवर येऊन माझ्याच गावची आंबील! मॅडमनीही तिला परवानगी दिली. बाई रोज मला बघून म्हणायची, "महाराष्ट्रा, वांग!" म्हणजे या. मला फार मान मिळाल्यासारखा वाटे.

दुपारचं आणि रात्रीचं सुनी करायची. "एवढं तरी करू दे मला," म्हणायची. ओट्याशी स्टुलावर बसून नाचणीच्या दोन भाकऱ्या, पालेभाजी, पातळ वरण. भाकऱ्या अशा मऊ, की दुसऱ्या दिवशीही मोडायच्या नाहीत. मी तिच्या हाताचं कौतुक करायचो.

एका रविवारी मुरुगेशननं एन्नोरला बोलावलं. रेल्वेनं उत्तरेकडे, मग बसनं. वीज केंद्राच्या चिमण्या, राखेचा वास, आणि त्यांच्या पायाशी कुप्पम (कोळीवाडा). तिथल्या दोन खोल्यांत त्याचं घर. त्याच्या बायकोनं मातीच्या भांड्यात चिंचेच्या पाण्यात मासे शिजवले होते, तेल जवळपास नाहीच. भात तिनं आपल्या मुठीनं मोजून वाढला, नवऱ्याला एक मूठ, मला एक मूठ. मुरुगेशननं भांड्याकडे हात नेला, तशी तिनं ते उचलून कडेवर घेतलं आणि तशीच उभी राहिली.

"देखो, घर में पुलिस है," तो म्हणाला. त्याचं वजन चार किलो उतरलं होतं. माझं? त्यानं विचारलं. आणखी दोन आठवडे गेले होते आणि मी कसाबसा एकोणनव्वदचा अठ्ठ्याऐंशी झालो होतो. म्हणजे जिथून निघालो तिथेच. रोज दोन तास चालतोय, तक्त्याबाहेर दाणासुद्धा खात नाही, तरी काटा हलत नाही.

"भाई, कौन बनाता है खाना?" मुरुगेशनच्या बायकोनं त्याच्याकरवी विचारलं.

"बहीण," मी अभिमानानं सांगितलं. तिनं भांडं दुसऱ्या कडेवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी माझ्याजवळ आले. चेहरा पडलेला. "दादा, एक विचारतो, रागावू नका. तुम्ही अजून तूप खाता का?"

"मी?"

"तुमचे उपास संपले तेव्हा बरणी पाऊण भरलेली होती. सुनंदाला तूप बंद आहे, मी खात नाही. आता तळ दिसायला लागलाय." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "लपून खात असाल तर सांगा हो. मी कुणाला सांगणार नाही. पण तिचा जीव..."

मी आईची शपथ घेतली, मुलांची घेतली. त्यांना पटलं नाही, हे मला दिसत होतं. दोघंही दिवसभर एकमेकांकडे तिरके बघत राहिलो. मी शेवटी बरणीवर पेन्सिलीनं तुपाच्या पातळीची खूण केली. मोजणीखात्यात बावीस वर्षं उगाच नाही काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानात दुसऱ्याच फेरीला चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी परत आलो. स्वयंपाकघरात दिवा होता. सुनी स्टुलावर बसलेली. दुपारच्या भाकऱ्यांचं नाचणीचं पीठ तिच्यासमोर परातीत होतं, आणि त्या पिठात ती पातळ केलेलं तूप ओतत होती. चांगली पळीभर. मग दुसरी पळी तिनं वरणाच्या पातेल्यात ओतली आणि ढवळून टाकली.

"सुनी, हे काय?"

ती दचकलीसुद्धा नाही. "तूप," म्हणाली.

"ते दिसतंय. कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. आणखी कुणासाठी असणार?" मग तिचा आवाज चढला. "तुझी चरबी उतरली नाही तर ते तुला घेणार नाहीत. नकोच घ्यायला. मी जायची ती जाईन, तुला तरी टेबलावर आडवं करणार नाहीत. तुला दोन पोरं आहेत दादा. काही झालं तर मी वहिनीला काय सांगू? मला कोण आहे?"

"मी आहे ना," मागून आवाज आला.

दारात दाजी उभे होते. दाढी करता करता उठून आलेले, अर्ध्या गालाला साबण, हातात ब्रश. असा लहानसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सुनीनं त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. साबणाचा एक थेंब त्यांच्या हनुवटीवरून परातीजवळ पडला, आणि सुनीला हसू फुटलं. ते हसू रडण्यात गेलं, मग परत हसण्यात आलं. आम्ही तिघंही त्या चार बाय सहाच्या स्वयंपाकघरात एकमेकांना धरून हसत होतो आणि रडत होतो, आणि दाजींचा साबण सगळ्यांना लागला. मला तिचा संताप आला होता आणि तिच्यावर इतकी माया आली होती, की दोन्ही एका वेळी अंगात मावत नव्हतं.

"मला भीती वाटते दादा," ती म्हणाली.

"मलाही वाटते. चांगलीच वाटते," मी म्हणालो. "पण तू मला चारून वाचवणार आणि मी तुला उपाशी राहून वाचवणार, अशी जर स्पर्धा असेल तर ऐक. मी जिंकणार."

"लहानपणी कधी जिंकला होतास?"

"आता बघ."

आवाज ऐकून सरोजाबाई धापा टाकत वर आल्या. सगळं ऐकून घेतलं. परातीतलं पीठ बोटाला लावून चाटलं. "अय्यो," एवढंच म्हणाल्या, आणि मला हाताला धरून खाली नेलं. "आजपासून हा माझ्याकडें जेवतो. शरी (ठीक)?"

पुढचे तीन आठवडे मी त्यांच्या हातात होतो. वाळैत्तंडु (केळीचा गाभा) चिरून ताकात, कीरै (पालेभाजी) तेलाच्या थेंबाशिवाय, मुगाची उसळ, लोणी काढलेल्या ताकातलं त्यांच्या घराण्यातलं उडदाच्या पिठाचं डांगर, आणि ताटावर बोट ठेवून "पोदुम!" म्हणजे पुरे. शिवाय सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास चालायचो. आंबीलवाली बाई अर्धाच पेला द्यायला लागली. तिलाही कुणीतरी पढवलं होतं. भुकेनं मला अशी एक तंद्री लागायची की सगळं तांबरम गोड दिसायचं. पाटीवरची तमिळ अक्षरं मला जिलब्या वाटायची, आणि हवाई दलाच्या तळावरून उडालेलं गोलमटोल विमान बघून मला बटाटेवडा आठवायचा. मी रस्त्यानं एकटाच हसत चालायचो. ओळखीचे लोक दाजींना विचारायचे, मेव्हणे बरे आहेत ना?

सुनी पहिले तीन दिवस खाली आलीच नाही. आपल्या भावाला दुसऱ्या बाईनं जेवू घालावं हे तिला सहन होईना. चौथ्या दिवशी कठड्याला धरत धरत उतरली आणि सरोजाबाईंच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली. मी दुसरी भाकरी संपवली. भूक तर अशी होती की ताट खाल्लं असतं. सवयीनं तिच्याकडे बघितलं. सरोजाबाईंच्या दुरडीत भाकरी होती, गरम, तिच्या हाताशी.

"अर्धी दे," मी म्हणालो.

माझ्या बहिणीनं जन्मात कुणाला जेवताना नाही म्हटलं नव्हतं. तिचा हात दुरडीवर गेला. तिथेच थांबला. तिनं दुरडी उचलली आणि मांडीवर घेतली.

"नाही," ती म्हणाली. "दोन झाल्या तुझ्या."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ लावून ठेवला, कारण माझा चेहरा तिला दिसायला नको होता. तिला जगायचं होतं. मला त्या दिवसापर्यंत त्याची खात्री नव्हती.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी वजन ब्याऐंशी. सहाच किलो. दोन कमी पडले. पुन्हा फोटो निघाले आणि डॉक्टर ते दोन फोटो, जुना आणि नवा, शेजारी शेजारी लावून इतका वेळ बघत बसले की दाजींनी माझा दंड दाबून दाबून लाल केला.

"साहेब, आणखी एक आठवडा द्या, दोन किलो मी..."

"वजनाचं राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "मला काटा नाही कापायचा, लिव्हर कापायचंय. ते स्वच्छ झालंय. चालेल."

बाहेर बाकावर सुनी बसली होती. आमचे चेहरे बघूनच तिला कळलं. "हरले," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे झाकले. वसंता मॅडमनी मंगळवारच्या वर्गाला बातमी सांगितली. त्या बारा जणांनी टाळ्या वाजवल्या आणि बँकेच्या साहेबांनी आनंदाच्या भरात सगळ्यांसाठी कॉफी मागवली, ती मॅडमनी दारातूनच परत पाठवली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या लिव्हरची मोजणी दाखवली. कुठून कापायचं ती रेषा, तिला किती जाणार, मला किती राहणार. मोठा हिस्सा तिचा होता. मोजणी अगदी चोख होती, मला एका ठिकाणीही हरकत घेता आली नाही. पुढचं मला फारसं आठवत नाही. दुखलं, खूप दुखलं, ते सांगून काय करायचं? दुसऱ्या दिवशी दाजी काचेपलीकडून हातवारे करत होते. दोन्ही हात वर. ते नाचताहेत की काय मला कळेना. नंतर समजलं, नाचतच होते.

सहा आठवड्यांनी मला घरी जायची परवानगी मिळाली. सुनीला आणखी काही महिने तपासणीसाठी तिथेच राहायचं होतं. सेंट्रलला गाडीत बसवायला दाजी आणि मुरुगेशन आले. मुरुगेशन आता परोटे दोनच खायचा आणि त्याबद्दल फार दुःखी होता. गाडी हलली आणि मी खिडकीशी बसून विचार करू लागलो, फलटणला गेल्यावर लोक विचारतील, एवढे तीन-चार महिने चेन्नईत होतात, काय काय पाहिलंत? देवळं बाहेरून पाहिली. समुद्र एकदाच, तोही एन्नोरचा. पण कुठल्या घरात कोण कुणाला काय वाढतं आणि काय वाढत नाही, एवढं मात्र मी नीट पाहिलं. इतकी वर्षं मला वाटायचं की माया म्हणजे वाढणं. ताटावर हात धरणाऱ्या बायकाही किती माया करतात, ते मला माझी चरबी उतरेपर्यंत कळलं नव्हतं.

अरक्कोणम मागे पडलं आणि मोबाइल वाजला. सुनी.

"दादा, कुठवर आलास? जेवलास का?"

"मी जेवेन गं. तुझं काय?"

"सांगू?" ती म्हणाली. "सकाळी तीन इडल्या. अकराला पेज. दुपारी भात, मऊ वरण, कीरै, भात दुसऱ्यांदा मागून घेतला. चारला उप्पुमा. मग सरोजाबाईंनी दूध दिलं, ते प्यायले. आता सहा वाजताहेत ना?"

दोन वर्षं जेवणाचं नाव काढलं की या पोरीच्या तोंडून 'नको' याशिवाय शब्द निघाला नव्हता. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. डब्यात कुणीतरी जेवणाचे डबे उघडत होतं, वास सुटला होता, आणि मला कशाचीही इच्छा नव्हती.

"हो, सहा वाजले," मी म्हणालो. "का गं?"

"काही नाही रे," माझी बहीण म्हणाली. "मला परत भूक लागलीय."